गंजलेली गाडी आणि नवशिका मिस्त्री

गंज हा मोटारीचा शत्रू होय, हे सांगावयास व्याख्याता लागत नाही. भर पावसाळ्यात आपल्या फाटकाच्या बिजागरीकडे पाहिले तरी लोखंडाचे काय होते ते कळते. आम्हांला आज एवढेच दाखवावयाचे आहे की, गंज हा इतिहासाचाही शत्रू आहे आणि त्याची धाड सर्वांवर सारखी पडत नाही. धनिकाची रोल्स-रॉइस कोरड्या जागी, नोकराचाकरांच्या देखरेखीखाली उभी राहते आणि शंभर वर्षांनीही झळकते. कारकुनाने किंवा शाळामास्तराने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली लहान गाडी मात्र रस्त्यावर भिजते, कुजते आणि अखेर भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. त्यामुळे पुढच्या पिढीला मोठ्यांची वाहने पाहावयास मिळतात, सामान्यांची मिळत नाहीत. ही उणीव ज्यांनी भरून काढली, ते बहुतांशी स्वतःच बेताच्या ऐपतीचे आणि हातात पाना प्रथमच धरलेले लोक होते. त्यांची हकीकत इंग्लंडमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून आधी तिकडे जाऊ आणि मग घराकडे वळू.

जुन्या मोटारी जपण्याची हौस इंग्लंडमध्ये जुनी आहे. 1896 च्या नोव्हेंबरात मोटारींवरील वेगाचे जाचक निर्बंध सैल झाले, तेव्हा लंडनहून ब्रायटनला गाड्यांचा एक ताफा गेला. 1927 मध्ये त्या सफरीची पुनरावृत्ती झाली आणि 1930 मध्ये अतिजुन्या गाड्यांच्या मालकांनी आपला क्लब स्थापन केला. परंतु ही हौस प्रायः सुखवस्तूंची होती. सामान्य माणसाचा या कामात शिरकाव झाला तो ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीमुळे.

सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी ही गाडी 1922 मध्ये बाजारात आणली. तिचा आराखडा काढण्याच्या कामी त्यांनी स्टॅन्ले एज या अवघ्या अठरा वर्षांच्या नकाशानविसाला हाताशी धरले होते. इंजिन 747 घनसेंटिमीटरचे; म्हणजे आजच्या कित्येक मोटारसायकलींहून लहान. 1939 पर्यंत अशा सुमारे 2 लाख 90 हजार गाड्या निघाल्या. पुढे महायुद्ध झाले. युद्धानंतर इंग्लंडमधील नव्या गाड्या मुख्यतः निर्यातीसाठी राखल्या जात, आणि घरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. तरुणांच्या वाट्याला आल्या त्या या जुन्या, गंजक्या, थोड्याशा पौंडांत मिळणाऱ्या सेव्हन.

येथे गाडीच्या बांधणीची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ऑस्टिन सेव्हनला खाली लोखंडी चौकट होती. इंजिन, चाके, स्प्रिंगा सर्व काही त्या चौकटीला जोडलेले. वरचा पत्र्याचा साज केवळ बसणाऱ्यांच्या सोयीचा. तो गंजून चाळण झाला तरी गाडीचा कणा शाबूत राही. म्हणून साज उतरवून फेकावा, चौकट घासावी, रंगवावी आणि हलकासा नवा साज चढवावा, हे काम नवशिक्यालाही साधत असे. त्याच्या हातून चूक झाली तर गाडी ओबडधोबड दिसे, पण मोडत नसे. 1948 मध्ये कॉलिन चॅपमन याने अशाच एका सेव्हनवर आपली पहिली गाडी उभी केली. पुढे लोटस या नावाने जगभर गाजलेल्या कारखान्याचे बीज ते होय.

त्याच वाटेने जॉन हेन्स हा शाळकरी मुलगा गेला. त्याचा जन्म 1938 मध्ये तेव्हाच्या सिलोनमधला. वडील चहाच्या मळ्याचे व्यवस्थापक. शिक्षणासाठी तो इंग्लंडला आला आणि शाळेत असतानाच त्याने एक ऑस्टिन सेव्हन पार सुटी करून नव्याने बांधली. ती गाडी विकावयास काढली तेव्हा तिच्याविषयी विचारणाऱ्यांची रीघ पाहून त्याने आपल्या कामाची कृती लिहून 1956 मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. तिच्या 250 प्रती दहा दिवसांत संपल्या. गाडी एकाला मिळाली, कृती मात्र अडीचशे जणांना मिळाली. या फरकातच आमच्या विषयाचे मर्म आहे.

मात्र तोवर गाड्यांची बांधणी बदलू लागली होती. 1948 मध्ये अलेक इसिगोनिस यांची मॉरिस मायनर बाजारात आली. तिला खाली स्वतंत्र चौकट नव्हती. पातळ पत्रे दुमडून, एकमेकांना वेल्डिंगने जोडून बनविलेला पोकळ साज हाच तिचा कणा होता. ही रचना हलकी, स्वस्त आणि मजबूत होती. सुमारे सोळा लाख मायनर विकल्या गेल्या यावरून तिची लोकप्रियता दिसते. परंतु या रचनेने गंजाच्या हाती घराची किल्लीच दिली. लोखंडाला गंज चढावयास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि मीठ असले की ती क्रिया झपाट्याने होते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांनी उडून दाराखालच्या पोकळ पट्टीत, स्प्रिंगांच्या जोडांत, दोन पत्र्यांच्या फटीत शिरते आणि तेथेच मुक्काम करते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून फटीत तो फुगतो, जोड उकलतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो. गाडी आतून बाहेर गंजते. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो.

अशा वेळी आळशी दुरुस्तीवाला काय करी? भोकात कागदाचे बोळे कोंबी, वर लांबी भरी, घासून रंग मारी आणि गाडी विकून मोकळा होई. वरून कीर्तन, आतून तमाशा! हा प्रकार नुसत्या फसवणुकीवर थांबत नाही. जी पट्टी गाडीचे वजन पेलते तीच लांबीची असेल, तर जोराचा धक्का बसताच आत बसलेल्यांच्या जिवावर बेतते. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी 1960 मध्ये सुरू झाली. प्रथम ती दहा वर्षांवरील गाड्यांची होती; 1967 पासून तीन वर्षांवरील गाड्यांना लागू झाली. पण आरंभी तिचा रोख ब्रेक, दिवे आणि सुकाणू यांवर होता. साजाच्या आणि चौकटीच्या मजबुतीची तपासणी तीत 1977 मध्ये आली. कायदा रास्त होता. तथापि त्यामुळे सामान्य मालकापुढे दोनच वाटा उरल्या: गंज कापून खरा पत्रा जोडावयास शिकणे, नाही तर गाडी मोडीत घालणे.

शिकण्याची वाट अंशतः हेन्सनेच खुली केली. 1965 मध्ये हवाई दलाच्या नोकरीत तो एडनला असताना एका सहकाऱ्याने बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली आणि दुरुस्तीसाठी हेन्सची मदत मागितली. कारखान्याचे अधिकृत पुस्तक पाहिले, तर ते तयार मिस्त्र्यासाठी लिहिलेले. घरच्या अंगणात काम करणाऱ्याला निरुपयोगी. तेव्हा हेन्सने कॅमेरा आणला आणि गाडी सुटी करताना व जोडताना पायरीपायरीची छायाचित्रे घेतली. त्यांतून 1966 मध्ये जे पुस्तक निघाले, त्याच्या 3000 प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. पुढे निरनिराळ्या गाड्यांवर अशी पुस्तके निघत गेली आणि त्यांच्या वीस कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या. गुरूच्या घरी पाणी भरल्यावाचून न मिळणारी विद्या अशी चव्हाट्यावर आली.

या विद्येचे सार, श्रोते हो, चार वाक्यांत सांगता येईल. गाडी घेताना रंग पाहू नये, पोकळ पट्ट्या पाहाव्या. लोहचुंबक जेथे चिकटत नाही तेथे लांबी आहे असे समजावे. इंजिन बिघडलेले पण साज ठणठणीत अशी गाडी घ्यावी. उलट घेतली तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होतो. दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी गाडीला आतून आडवा टेकू द्यावा, नाही तर साज खचतो आणि मग दारे लागत नाहीत. आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा फारसा लागत नाही, धीर मात्र पुष्कळ लागतो.

नव्या पत्र्याचा प्रश्न तरी उरतोच. मायनरचे उत्पादन थांबल्यावर 1970 च्या दशकात चार्ल्स वेअर यांनी बाथ शहरात मायनरच्या दुरुस्तीचे केंद्र काढले. गाडी फेकण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने दुरुस्त करीत राहणेच मालकाला स्वस्त पडते, हा त्यांचा सिद्धांत. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. पुढे 1990 च्या दशकात त्यांनी मायनरच्या साजाचे सुटे भाग श्रीलंकेत बनवून घेण्याची व्यवस्था केली. हेन्सच्या जन्मभूमीतून इंग्लंडच्या जुन्या गाड्यांना पत्रा जाऊ लागला, हा योग मोठा मौजेचा आहे.

आता घराकडे वळू. मायनर आपल्याकडेही 'बेबी हिंदुस्थान' या नावाने धावली. परंतु मुंबईकरांच्या जिव्हाळ्याची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट. 1974 पासून तिचे नाव पद्मिनी. तिचाही साज हाच तिचा कणा, आणि मुंबईला बर्फावर मीठ टाकावे लागत नसले तरी समुद्राचा खारा वारा बारमाही आहे. नोंदणीतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांची मर्यादा भरताच, 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून धावावयाची थांबली. हजारो कुटुंबे जिच्यावर पोसली, ती गाडी पुढच्या पिढीने केवळ चित्रपटांत पाहावयाची काय, हा प्रश्न आता आपल्यापुढे आहे.

संग्रहालयात एखादी पद्मिनी चकचकीत करून ठेवता येईल आणि ती ठेवावीच. पण इंग्लंडचा अनुभव असा की, एक गाडी जपणाऱ्याहून ती जपण्याची रीत लिहून ठेवणारा अधिक उपकारक ठरतो. पद्मिनीची कोणती पट्टी आधी जाते, कोणता जोड कसा उघडावा, ठोकून पत्रा कसा काढावा, हे ज्ञान आज आपल्याच शहरांतील वृद्ध मिस्त्र्यांच्या बोटांत आहे. ते कोणी कागदावर उतरविले नाही, तर गाड्यांच्या आधी तेच नाहीसे होईल. आपल्यापैकी ज्या तरुणाला जुन्या गाडीची हौस असेल, त्याने पाना विकत घेण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि अशा एखाद्या मिस्त्र्याच्या शेजारी जाऊन बसावे.