अद्भुतरम्य कादंबरीचा फलागम आणि निनावी भूगोल

एकोणिसाव्या शतकातील मराठी अद्भुतरम्य कादंबरीची भिस्त दाट अरण्य, अथांग पाणी आणि दुर्गम किल्ला यांवर असते. हा ऐवज मुंबईपासून फारसा दूर नव्हता. जंजिरा संस्थानातील काशीदला समोर अरबी समुद्र, पाठीशी नबाबांच्या शिकारीचे फणसाडचे रान आणि दक्षिणेस मुरूडपाशी पाण्यातला जंजिरा असा सारा थाट एकत्र सापडतो. असे असूनही लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) असल्या ओळखीच्या किनाऱ्याला लागत नाही. त्यांची नगरे व राजकुळे कल्पितच राहतात.

समीक्षेने याकडे सामान्यतः वास्तवाचा अभाव म्हणून पाहिले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या ‘नावल व नाटक’ या विषयावरील निबंधात अशा कथांतील असंभाव्यतेवर बोट ठेवले होते; पुढील टीकाकारांचा सूरही बव्हंशी तोच राहिला. मात्र या कादंबऱ्यांचा शेवट आणि त्यांचा निनावी भूगोल यांचा परस्परसंबंध पुरेसा तपासला गेला नाही.

शेवट ठरलेलाच असतो: ताटातूट, संकटपरंपरा, पुनर्भेट. मंजुघोषा आणि वसंतमाधव यांच्या मीलनासाठी विमानाची योजना करावी लागते, ही गोष्ट हास्यास्पद वाटली तरी विचारार्ह आहे. १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय १० वर्षे ठरविले होते. १८९१ मध्ये ते १२ झाले. ज्या उच्चवर्णीय घरांतून या कादंबऱ्या वाचल्या जात, तेथे मुलीचे लग्न तिला प्रेम म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच उरकलेले असे. परस्परांना पाहून, निवडून, वाट पाहून विवाह करणारे प्रौढ स्त्रीपुरुष कोणत्याही नावाच्या गावात बसविता येत नव्हते. गावाला नाव दिले की जात, गोत्र, पत्रिका आणि वडीलधारी मंडळी ओघानेच आली. स्वतः रिसबुडांनी प्रस्तावनेत आपल्या लेखनाचे समर्थन करताना हिंदूंच्या विवाहरीतीकडेच निर्देश केला आहे: रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही नसल्यामुळे ते कल्पावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ही पळवाट खरी; पण वाट कोठे अडली आहे हे लेखकाला नेमके ठाऊक होते.

या फलागमाला जुनी परंपराही होती. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने या वाङ्मयप्रकाराला नाव दिले, ती बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या हातून अपुरीच राहिली. मृत प्रियकरांना परत आणून युगुलांची गाठ घालून देणारा शेवट त्याच्या पुत्राने लिहिला. मीलनावाचून कथा मिटू न देण्याची ओढ किती प्रबळ होती, याचा हा बोलका पुरावा होय.

उलट बाजूने बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पाहावे. तेथे महाराष्ट्रातील खरीखुरी गावे आहेत आणि त्या गावांतून भेटणाऱ्या विधवांची दुःखेही. विधवा झालेल्या यमुनेला पुनर्विवाहाचे सुख मिळते, पण ख्रिस्ती धर्मात गेल्यावर. नकाशावरची नावे राखली म्हणजे समाजाची हद्द ओलांडावी लागते. अद्भुतकाराने नकाशाच टाकून दिला.

हरिभाऊ आपट्यांनी हे दोन्ही मार्ग नाकारले. ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेत शेवट लांबत जातो आणि वाचकाची अपेक्षा आठवड्यागणिक वाढत जाते. यमू आणि रघुनाथ यांच्या मुंबईतील संसाराने ती अपेक्षा जागविली. मग रघुनाथ गेला, यमूचे केशवपन झाले. येथे पुणे हे पुणेच आहे, मुंबई मुंबईच आहे, आणि म्हणूनच सुटकेला विमान येत नाही. ‘मंजुघोषा’ वाचून वाढलेल्या वाचकाला हा शेवट किती जिव्हारी लागला असेल, याचा अंदाज सामाजिक कादंबरीचा इतिहास लिहिताना सहसा घेतला जात नाही.

हरिभाऊंची ही कादंबरी १८९३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९१३ मध्ये, नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि कल्पित राज्यांतले प्रेमिक पुन्हा लोकप्रिय झाले. तोवर संमतिवय १२ वरच होते.