तळटीप : अल रय्यान आणि क्रुसेडरांची वाट

* अल रय्यान : कतारमध्ये दोह्याला लागून पश्चिमेकडे पसरलेले शहर, एज्युकेशन सिटी आणि कतारचे राष्ट्रीय ग्रंथालय येथेच आहे. क्रुसेडरांचे राज्य इथवर पोहोचते ही लेखकाची कल्पना असली, तरी तिला आधार खऱ्या मोहिमेचा आहे. केरकचा क्रुसेडर सरदार रेनॉ द शातिलाँ याने ११८२-८३च्या हिवाळ्यात सुट्या भागांत वाहून आणलेली जहाजे अकाबाच्या आखातात उतरवली. त्याच्या माणसांनी तांबड्या समुद्रावरचे ऐधाब लुटले. पुढे मदिनेच्या वाटेवर ती ईजिप्तच्या आरमाराचा प्रमुख हुसामुद्दीन लुलू याच्या हाती लागली. ११८७मध्ये हत्तीनच्या लढाईनंतर सलाहुद्दीनने रेनॉला स्वतः मारले. मोहीम फत्ते झाली असती, तरी झळ हिजाझला बसली असती; कतारचा किनारा अरबस्तानाच्या पार दुसऱ्या अंगाला, मध्ये सगळे वाळवंट.

आखातात क्रूस प्रत्यक्षात आला तो समुद्रमार्गे. टेम्पलर या क्रुसेडर-संघाची पोर्तुगालमधली मालमत्ता १३१९मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’कडे गेली आणि त्याच संघाचा क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर झळकू लागला. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतला, १५१३मध्ये एडनपुढे हार खाल्ली, १५१५मध्ये होर्मुझ पक्के केले. १५२१मध्ये बहरीनही पोर्तुगीजांनी जिंकले. होर्मुझ १६२२मध्ये त्यांच्या हातून गेले. गोवा मात्र १९६१पर्यंत राहिला. म्हणून या प्रकरणातला ‘जर’ मराठी वाचकाने केरकइतकाच गोव्यातल्या मांडवीच्या काठावरूनही तपासावा. — संपादक