घोड्याची चौसष्ट घरं

चौकटीच्या वहीचं पान आणि पेन्सिल, एवढंच सामान. आठ बाय आठ घरं आखायची, कुठल्याही घरात १ लिहायचा आणि बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या उडीने २, ३, ४ करत ६४ गाठायचे. भरलेल्या घरात पुन्हा उतरायचं नाही. भिडू नको, सोंगट्या नकोत. वाशिमहून मालेगावला जाणाऱ्या एसटीत मांडीवरही हे कोडं मांडता येतं.

गणितवाले याची कथा १७५९ पासून, म्हणजे ऑयलरच्या निबंधापासून सांगतात. १८२३ मध्ये वॉर्न्सडॉर्फने युक्ती दिली: पुढे जायला सर्वांत कमी वाटा असतील, त्या घरात आधी जा. झालं! माझा जीव मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या एका संस्कृत श्लोकात अडकला आहे.

नवव्या शतकातल्या काश्मिरी रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त ‘ली’ आणि ‘ना’ यांचा नुसता धुमाकूळ असलेला एक श्लोक आहे. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, म्हणजे बत्तीस घरं: अर्धा पट. सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्यांनी वाचा, श्लोक तोच! पुढे अकराव्या शतकात नमिसाधू या जैन टीकाकाराने त्यावर टीका लिहिली.

माझं म्हणणं असं, की हे कोडं खेळाडूंचं नाही, कवींचं आहे. डाव खेळताना घोड्याने सगळी घरं फिरावीत अशी गरज कुणाला पडते? श्लोकात मात्र एकही अक्षर वाचायचं राहता कामा नये आणि एकही दोनदा येता कामा नये. कोड्याचा नियम नेमका हाच. शिवाय अक्षरं घरांत मांडून चहूकडून वाचायची सवय कवींना आधीपासून होती. कवी भारवीने ‘किरातार्जुनीया’त चहूकडून सारखाच वाचता येणारा ‘सर्वतोभद्र’ श्लोक रचला, तो रुद्रटाच्या दोन-तीनशे वर्षं आधी.

विरोधी पक्ष दुबळा नाही. बगदादचा बुद्धिबळपटू अल्-अदली साधारण रुद्रटाच्याच काळातला आणि त्याच्या नावावरची फेरी पुऱ्या चौसष्ट घरांची आहे. शिवाय रुद्रटाकडे रथाचे नि हत्तीचेही श्लोक आहेत, म्हणजे उसनवारी पटावरूनच झाली. सोंगट्या पटावरून आल्या, हे मान्य. पण रथाला सरळ रांगेने सगळी घरं फिरणं अवघड नाही. गंमत घोड्यातच आहे, आणि ती कवीने हेरली असावी. माझा कौल रुद्रटाला.

माझ्यासारख्या वाशिमकराला इथे थोडी अडचण आहे. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते इथेच. पण वैदर्भी, म्हणजे विदर्भाच्या नावाची काव्यरीती, सुबोध, गोड. तिला अक्षरांची असली कसरत कशी मानवणार? म्हणजे काव्याचं सासर आमचं, पण हे नातवंड आमच्या वळणाचं नाही.

मराठी मातीशी नातं जुळतं ते पैठणमार्गे. सतराव्या शतकात काशीला नीलकंठभट्टांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. घराणं मूळ पैठणचं. त्यातल्या ‘व्यवहारमयूखा’चा आधार पुढे मुंबईच्या हायकोर्टात वारसाहक्काचे तंटे सोडवताना घेतला गेला. त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळ आहे आणि घोड्याच्या फेऱ्याही! वाटण्यांचा शास्त्री घोड्यात का रमला? एकही घर सुटू नये, एकही दोनदा मोजलं जाऊ नये, ही वाटणीचीच शिस्त, असा माझा तर्क.

मुलांनी पाच बाय पाचपासून सुरुवात करावी. चार बाय चारवर कोडं सुटतच नाही. पंचवीस घरं आलटून पालटून काळी-पांढरी रंगवा: कोपऱ्यांच्या रंगाची तेरा, दुसऱ्या रंगाची बारा. प्रत्येक उडीत रंग बदलतो. म्हणून सुरुवात तेरांपैकी एकातून हवी. कोपऱ्याच्या शेजारच्या घरात १ लिहिणाऱ्याने कितीही पानं खोडली तरी २५ येणार नाहीत.