डिस्क चढवण्याचा इतिहास

१९६२ साली आयबीएमने '१३११' हे डिस्कयंत्र बाजारात आणलं. आकाराने ते कपडे धुण्याच्या यंत्राएवढं. वरचं झाकण उघडायचं, ६ चकत्यांचा साडेचार किलोंचा पॅक दोन्ही हातांनी उचलून मधल्या दांड्यावर बसवायचा, मूठ फिरवून घट्ट करायचा, झाकण लावायचं. एका पॅकमध्ये २० लाख अक्षरं मावत. त्याआधी ६ वर्षं, १९५६ साली, याच कंपनीने पहिली हार्ड डिस्क केली होती. तिच्यात ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि एकदा बसवली की ती तिथेच राही. १३११ मुळे डिस्क ही कपाटातून काढायची आणि यंत्रावर चढवायची वस्तू झाली. टेप चढवणारे ऑपरेटर 'माउंट' हा शब्द आधीपासून वापरत होते, तोच डिस्कलाही लागला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा तिथेही चुंबकीय टेपा माणसाच्या हातांनीच चढत.

आज संगणक सुरू होताना अडखळतो आणि पडद्यावर 'माउंट करता आलं नाही' अशा अर्थाची ओळ येते, तेव्हा हात लावायला काहीच नसतं. शब्द मात्र तोच उरला आहे, आणि त्याच्याबरोबर एक जुना प्रश्नही. डिस्क ओळखायची कशावरून? ती कुठे बसवली आहे यावरून, की तिचं नाव काय आहे यावरून?

आयबीएमने या प्रश्नाचं उत्तर फार लवकर दिलं होतं. ओएस/३६० या प्रणालीत प्रत्येक डिस्कपॅकच्या सुरुवातीलाच त्याचं लेबल लिहिलेलं असे आणि त्यात ६ अक्षरांचा क्रमांक. एखाद्या कामाला अमुक क्रमांकाचा पॅक हवा असला की ऑपरेटरच्या टेबलावर तशी सूचना छापून येई. ऑपरेटर पॅक चढवी, यंत्र लेबल वाचून पाही आणि चुकीचा पॅक असला तर तो उतरवायला सांगे. पॅक कोणत्या खणात बसवला, याला महत्त्व नव्हतं. या घराण्यातल्या पुढच्या संगणकांवर सुरू होतानाच एकाच क्रमांकाचे दोन पॅक सापडले, तर प्रणाली थांबून विचारी की यातला कोणता उतरवू. अंदाजाने पुढे जायचं नाही, हे त्या लोकांनी पक्कं केलं होतं.

युनिक्सची सुरुवात अशा शिस्तीच्या खोलीत झाली नाही. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोट्या यंत्रांवर ती उभी केली, आणि नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्याच माहितीपुस्तिकेत 'माउंट' आणि 'यूमाउंट' या दोन्ही आज्ञा आहेत. (इंग्रजीतल्या 'अनमाउंट'मधला एक 'न' तेव्हा गाळला गेला, तो आजतागायत परत आलेला नाही.) कल्पना अतिशय देखणी होती. सगळ्या फाइलींचं एकच झाड, आणि दुसरी डिस्क आली की तिचं झाड पहिल्याच्या एखाद्या फांदीवर बसवायचं. कोकणात रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, तसंच हे कलम. बांधून झालं की वापरणाऱ्याला सांधा दिसत नाही.

१९७४ साली थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांच्या स्वतःच्या यंत्राची रचना दिली आहे. मूळ निर्देशिका लहान, वेगवान डिस्कवर. लोकांच्या फाइली मोठ्या डिस्कवर. आणि ही मोठी डिस्क जोडण्याचं काम यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं. सुरू होताना होणाऱ्या माउंटची गोष्ट इथून चालू होते, आणि त्यातला पेचही इथलाच. लहान डिस्क भरली तसे काही प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे 'यूएसआर'मध्ये गेले. पण दुसरी डिस्क जोडणारी माउंट ही आज्ञाच तिकडे गेली, तर ती डिस्क जोडणार कोण? म्हणून अगदी गरजेच्या आज्ञा पहिल्या डिस्कवर ठेवायच्या आणि बाकीच्या दुसरीवर, असा दंडक पडला. डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या तरी तो टिकला. फेडोरा लिनक्सने ही फाळणी मिटवली ती मे २०१२ च्या सतराव्या आवृत्तीत.

एका बाबतीत मात्र युनिक्स आयबीएमच्या मागे होती. तिथे डिस्कचं नाव म्हणजे तिची जागा: अमुक जातीचं यंत्र, पहिला खण, दुसरा खण. एका खोलीत दोन-तीन डिस्क आणि त्या हाताळणारी मोजकी माणसं असताना यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

वीज गेली की काय, हा दुसरा प्रश्न. युनिक्स लिहायचा मजकूर काही काळ स्मृतीत धरून ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मध्येच यंत्र बंद पडलं तर यादीत असलेली फाइल डिस्कवर नसते, किंवा डिस्कवरचा मजकूर कुठल्याच यादीत नसतो. सुरुवातीला ही विस्कटलेली घडी नीट करायला वेगवेगळी तपासणी-साधनं होती आणि ती चालवायला जाणकार माणूस लागे. १९७० च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्जमधल्या टी. जे. कोवाल्स्की यांचा 'एफएससीके' आला. तो सगळी डिस्क टप्प्याटप्प्याने तपासतो, जमेल ते दुरुस्त करतो आणि बेवारस फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या निर्देशिकेत आणून ठेवतो. १९८० च्या बर्कली युनिक्समध्ये, ४.० बीएसडीत, 'एफएसटॅब' ही फाइल आली. कोणती डिस्क, कुठे जोडायची, कोणत्या प्रकारे, तिची प्रत काढायची का आणि तपासणीत तिचा नंबर कितवा, हे सांगणारी एक ओळ. लिनक्सवर ती फाइल आजही त्याच नावाने आहे; ओळीत आता सहा रकाने असतात आणि तपासणीचा नंबर सहाव्यात.

त्या सहाव्या रकान्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या लिनक्सवाल्यांना भारनियमनाने शिकवला. वीज गेली, यूपीएसने जेमतेम तग धरला, मग यंत्र बंद. वीज परत आली की एफएससीके सबंध डिस्क तपासत बसे आणि मोठी डिस्क असली तर काम खोळंबे. २००१ साली एक्स्ट३ ही फाइलप्रणाली मुख्य लिनक्समध्ये आली. ती करायचा बदल आधी नोंदवहीत टिपते आणि मग अमलात आणते, त्यामुळे पुन्हा सुरू होताना नोंदवही वाचली की भागतं. एवढ्या एका गोष्टीने किती माणसांचे किती तास वाचले असतील!

पीसीच्या जगाची अडचण वेगळी होती. मार्च १९८३ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी-एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिच्या पहिल्या ५१२ बाइटांतच सारा संसार: आधी यंत्र सुरू करणारा चिमुकला प्रोग्राम, मग १६-१६ बाइटांच्या चार ओळींचं पार्टिशनांचं कोष्टक, शेवटी दोन बाइटांची खूण. त्या जुन्या बायॉसला डिस्कचे १०२४ पट्टेच मोजता येत. त्यापलीकडे जे असेल ते सुरू होताना दिसतच नसे. ही मर्यादा काही यंत्रांत ५०४ एमबीला आडवी येई, पुढच्यांत सुमारे ८ जीबीला. लिनक्सचा केर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या रेषेच्या आत राहावा म्हणून डिस्कच्या सुरुवातीला 'बूट' नावाचं लहानसं पार्टिशन करायची रीत पडली.

वेर्नर आल्मेसबर्गर यांचा 'लिलो' हा लोडर ज्यांनी वापरला, त्यांना त्याची चार अक्षरं विसरता येणार नाहीत. प्रत्येक टप्पा पार पडला की तो स्वतःच्या इंग्रजी नावातलं एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. 'एल-आय' एवढंच उमटून यंत्र थिजलं, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला गेला पण चालला नाही, हे जाणकाराला तिथेच कळे. लिलो केर्नलच्या फाइलीचं नाव नव्हे, तर ती डिस्कवर ज्या ठोकळ्यांत आहे त्यांचे क्रमांक लक्षात ठेवी. नवा केर्नल जुन्याच्या जागी ठेवला आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवायला विसरलं, की ते क्रमांक भलतीकडे बोट दाखवत. 'ग्रब' हा पुढचा लोडर स्वतः फाइलप्रणाली वाचून केर्नलला नावाने शोधतो. हा फरक छोटा नव्हे.

लिनक्सच्या जन्मकथेतही डिव्हाइसच्या नावाचा एक घोटाळा आहे. लिनुस टॉरवाल्ड्स मिनिक्सवर काम करत असताना मोडेमकडे जायच्या डायल करण्याच्या आज्ञा चुकून हार्ड डिस्कच्या डिव्हाइस फाइलकडे गेल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन बिघडलं. ते पुन्हा उभारण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या अपुऱ्या प्रणालीवरच राहायचं ठरवलं. त्या प्रणालीत मूळ डिस्क कोणती, हे केर्नलच्या फाइलीतल्या ५०८ आणि ५०९ या दोन बाइटांत क्रमांकाने कोरलेलं असे. डिस्कची जागा बदलली की केर्नल तिथे जाई, काही सापडत नसे आणि 'मूळ फाइलप्रणाली माउंट करता येत नाही' म्हणून हाय खाई. याचं दुसरं कारण युनिक्सच्या जुन्याच पेचाचं नवं रूप होतं: डिस्क वाचणारा ड्रायव्हर त्याच डिस्कवर. त्यावर उपाय म्हणून आधी स्मृतीत एक छोटं तात्पुरतं झाड उभं करायचं, त्यातून ड्रायव्हर घ्यायचा आणि मग खऱ्या झाडावर जायचं, ही 'इनिटआरडी'ची युक्ती निघाली.

मग २००७ च्या आसपास जागेवरून ठेवलेल्या नावांचा हिशेब चुकता झाला. तोवर साध्या आयडीई डिस्कला 'एचडीए' आणि स्कझी डिस्कला 'एसडीए' म्हणत. नव्या ड्रायव्हरांनी सगळ्यांनाच 'एसडी' केलं. फेडोरात हा बदल मे २००७ च्या सातव्या आवृत्तीत आला. एफएसटॅबमध्ये 'एचडीए' लिहिलेलं यंत्र नवा केर्नल घातल्यावर सुरूच होईना. रेड हॅटने त्याआधीच नावाची वाट धरली होती, पण तिच्या मूळ पार्टिशनाचं लेबल सगळीकडे एकच, नुसती तिरकी रेघ. जुन्या यंत्राची डिस्क मजकूर उतरवून घ्यायला नव्यात लावली की एकाच लेबलाची दोन पार्टिशनं समोर येत. आयबीएमचं यंत्र अशा वेळी थांबून विचारी, इथे विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून यूयूआयडी आला: १२८ बिटांची ओळख, हायफनांसह ३६ अक्षरं, फाइलप्रणाली तयार होतानाच तिला मिळणारी. ऑक्टोबर २००६ च्या उबुंटू ६.१० ने एफएसटॅबमध्ये तोच लिहायला सुरुवात केली. डिस्क कुठल्याही तोंडाला जोडा, ओळख तीच. वाचायला मात्र ती कठीण आणि पाठ करायला अशक्य. शिवाय ती फॉरमॅट केल्यावर बदलते. शेजारी दुसरं लिनक्स बसवताना सामायिक स्वॅप पार्टिशन नव्याने फॉरमॅट झालं, की पहिलं लिनक्स पुढच्या वेळी आता नसलेल्या पार्टिशनाची दीड मिनिट वाट पाहत बसतं. उलट डिस्कची हुबेहूब प्रत काढली, तर एकच ओळख दोघींवर येते. एक्सएफएस ही फाइलप्रणाली अशा वेळी दुसरी प्रत जोडायला साफ नकार देते, आणि तेच योग्य आहे.

दीड मिनिटाची ही मुदत सिस्टमडीची. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी यंत्र सुरू करण्याचं काम पाहणारी ही प्रणाली मांडली आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ ने ती घेतली. एफएसटॅबमधली एखादी डिस्क मिळाली नाही तर जुनी प्रणाली तक्रार नोंदवून पुढे जाई. सिस्टमडी आपत्कालीन कक्षात नेऊन थांबते, आणि डेबियनने तसा इशारा प्रकाशन-टिपणीत दिला होता. ज्या डिस्कवाचून अडत नाही, तिच्या ओळीत 'नोफेल' लिहायचं. यावर लोक पुष्कळ चिडले. दूरच्या सर्व्हरवर, समोर ना कळफलक ना पडदा अशा स्थितीत, एका बॅकअपच्या डिस्कसाठी सगळं यंत्र अडून राहावं, हे त्रासाचंच आहे.

तरीही कडक नियमच बरोबर होता. माउंटची जागा ही स्वतः एक साधी, रिकामी निर्देशिका असते. डिस्क जोडली गेली नाही आणि यंत्र तसंच पुढे गेलं, तर डेटाबेस त्या रिकाम्या निर्देशिकेत, म्हणजे मूळ डिस्कवर, लिहीत सुटतो. काही दिवसांनी कुणीतरी खरी डिस्क जोडतं, तिचं झाड वर बसतं आणि मधल्या दिवसांच्या नोंदी त्याखाली झाकल्या जातात. त्या नष्ट झालेल्या नसतात, पण दिसतही नाहीत. बंद पडलेल्या यंत्राकडे निदान माणूस धावत जातो.

आपत्कालीन कक्षात बहुधा मूळ झाड फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं असतं. ते आधी लिहिण्याजोगं करून घ्यायचं, जोडलेल्या डिस्कांचे यूयूआयडी छापून घ्यायचे आणि एफएसटॅबमधल्या ओळींशी अक्षर अक्षर ताडायचे. चूक सापडली की ओळ सुधारायची किंवा पुढे चिन्ह घालून तिला गप्प करायचं, आणि पुन्हा सुरू करण्याआधी 'माउंट' आज्ञेला सगळ्या ओळी एकदम करून पाहायला लावायच्या. रूट खात्याला कुलूप असलेल्या यंत्रांत या कक्षाचं दारही उघडत नाही. तिथे यूएसबीवरचं दुसरं लिनक्स हाताशी लागतं.

आता एफएसटॅब नसली तरी चालेल, अशीही व्यवस्था आहे. चार ओळींच्या जुन्या कोष्टकाची जागा घेणाऱ्या जीपीटीत पार्टिशनाच्या प्रकाराला स्वतःचा यूयूआयडी असतो, आणि 'मी मूळ झाड आहे' असं पार्टिशनच सांगू शकतं. सिस्टमडी ते वाचून जोडते. एकाच डिस्कवर असं सांगणारी दोन पार्टिशनं निघाली, तर नियमाप्रमाणे ती पहिलं घेते.