निपाणीचे नसलेले स्टेशन

निपाणीला रेल्वे स्टेशन नाही; तरी आमच्या मनात ते केव्हाचेच उभे आहे. तंबाखूच्या वखारींना लागून मालधक्का, तेथून एक मार्ग कोल्हापूरकडे, दुसरा संकेश्वरावरून बेळगावकडे, असा नकाशा आम्ही शाळकरी वयात पाटीवर काढीत असू.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा पुणे-लोंढा मार्ग मिरज, घटप्रभा, बेळगाव असा गेला. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला फाटा निघाला. उत्तरेस रूळ आले, पूर्वेस आले. मधली निपाणी कोरडीच राहिली. ‘चिकोडी रोड’ हे स्टेशनदेखील चिकोडीपासून लांबच!

बेळगावचे रूप मात्र रुळांनीच बांधले. अलीकडे छावणी, खडेबाजार, गणपत गल्ली. पलीकडे एके काळी सांगली संस्थानात असलेले शहापूर. टिळकवाडीत पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट हेच लोकांचे पत्ते झाले. (आमच्या वडीलधाऱ्यांचे निम्मे आयुष्य त्या गेटांपाशी खोळंबण्यात गेले, असे ते गमतीने म्हणत.)

निपाणीचा सारा व्यापार रस्त्याने वाहिला. म्हणूनच १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी ठाण मांडून बसले, ते पुणे-बंगळूर महामार्गावर. सरकारची नाडी दाबण्यास त्यांच्यापाशी दुसरे होते काय? पुढे गोळीबार झाला, माणसे गेली.

नव्या मार्गाची मागणी अधूनमधून वर येते. मुंबईची गाडी धरायची, तर निपाणीकर अजूनही आधी एसटीने कोल्हापूर गाठतो.