अक्षर कोणत्या खिडकीत उमटणार? टेक्स्ट एडिटरमधील ‘फोकस’चा इतिहास

१/१०
कीबोर्ड एक आणि पडद्यावरील खिडक्या अनेक. कळ दाबली की अक्षर नेमके कोणत्या खिडकीत उमटावे? आज हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. परंतु त्याचे उत्तर घडण्यास अनेक वर्षे लागली, आणि ते चुकले तेव्हा लिहिलेला मजकूर क्षणार्धात नाहीसा झाला.

२/१०
९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी आपली ‘एनएलएस’ प्रणाली सभागृहासमोर मांडली. तीत माऊस होता आणि पडद्याचे भाग पाडण्याची सोय होती. एकाच वेळी अनेक ठिकाणी पाहणे शक्य झाले. लिहिणे मात्र एका वेळी एकाच ठिकाणी शक्य होते. प्रश्नाचा जन्म इथला.

३/१०
१९७४ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा एडिटर घडवला. पडद्यावर जसे दिसे तसेच तो कागदावर छापी. परंतु त्याच्या दोन अवस्था होत्या. एकीत कळ म्हणजे अक्षर, तर दुसरीत तीच कळ म्हणजे आज्ञा.

४/१०
यातून एक प्रसिद्ध किस्सा जन्मला. आज्ञेच्या अवस्थेत असल्याचे विसरून कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला तर काय होई? ‘ई’ने संपूर्ण मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लेखन सुरू होई आणि ‘टी’ तेवढा पडद्यावर उरे. सारा दस्तऐवज जाऊन मागे एक अक्षर!

५/१०
दोष वापरणाऱ्याचा की यंत्राचा? त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांचे उत्तर निःसंदिग्ध होते: यंत्राचा. टिम मॉट यांच्यासह त्यांनी १९७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ हा एडिटर रचला. त्यात कळ दाबली की अक्षरच उमटे. पुढे टेस्लर यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ हीच अक्षरे झळकली.

६/१०
१९७६ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने ‘ईमॅक्स’ आकारास आला. इथेही साधी कळ म्हणजे अक्षरच. पडदा विभागला तरी त्यांतील एकच खिडकी ‘निवडलेली’ असते आणि टंकलेले तिच्यातच जाते. कंट्रोल-एक्स आणि मग ‘ओ’ दाबले की निवड दुसऱ्या खिडकीकडे सरकते.

७/१०
ईमॅक्सने मजकूर आणि खिडकी यांत भेद केला. एकच मजकूर दोन खिडक्यांत उघडता येतो आणि प्रत्येक खिडकी आपली जागा स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. ग्राफिक पडद्यावर निवडलेल्या खिडकीतील कर्सर भरीव दिसतो, इतर खिडक्यांतील पोकळ. यंत्राचे लक्ष कुठे आहे, हे डोळ्यांना दिसू लागले.

८/१०
१९८४ मध्ये एमआयटीतच ‘एक्स विंडो सिस्टम’चा आरंभ झाला आणि पेच दुहेरी झाला. कोणत्या कार्यक्रमाला कळा पोहोचवायच्या, हे पडद्याची व्यवस्था ठरवणार. त्या कार्यक्रमाच्या आत कोणती खिडकी निवडलेली आहे, हे एडिटर ठरवणार. एडिटरने आपल्यापुरती निवड बदलली, तरी कळा भलत्याच कार्यक्रमाकडे जात राहू शकतात. माऊस जिथे जाईल तिथे फोकस जावा की क्लिक केल्यावरच, हा वादही याच जगातला.

९/१०
म्हणून ईमॅक्सच्या लिस्प भाषेत एक शिस्त रुजली. एखाद्या आज्ञेला काही कामासाठी दुसरी खिडकी निवडावी लागली, तर काम संपताच मूळ निवड पूर्ववत करावी. त्यासाठी ‘सेव्ह-सिलेक्टेड-विंडो’ ही खास रचनाच आहे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. टंकन चालू असताना फोकस परस्पर हलला, तर पासवर्डही भलत्याच खिडकीत उघडा पडू शकतो.

१०/१०
अवस्थांचा पक्षही हरला नाही. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये रचलेल्या ‘व्हीआय’चा वारसा ब्रॅम मूलेनार यांच्या ‘व्हिम’ने १९९१ पासून पुढे नेला, लेखनाची अवस्था चालू असल्याचे तो पडद्याच्या तळाशी लिहून दाखवतो. पंथ भिन्न, धडा एकच: यंत्राचे लक्ष कुठे आहे हे माणसाला दिसले पाहिजे, आणि ते त्याच्या नकळत हलता कामा नये.