औषध की सौंदर्यप्रसाधन? : त्वचा व केसांच्या निगेच्या वनस्पतिज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना :
नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, लग्नातील हळद, बाळंतिणीचे तेल व शेक, शिकेकाई-रिठ्याने केस धुण्याची रीत यांतून त्वचा व केसांच्या निगेचे वनस्पतिज्ञान महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. या ज्ञानाचा सांभाळ मुख्यत्वे घरातील स्त्रियांनी केला. उटणे हे औषध की सौंदर्यप्रसाधन, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. विसाव्या शतकात मात्र कायदा, कर आणि पेटंट या व्यवस्थांनी तो प्रश्न उपस्थित केला. त्याची उत्तरे कोणत्या पुराव्यावर दिली गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथपरंपरा :
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे पन्नास गट दिले आहेत. त्यांपैकी ‘वर्ण्य’ म्हणजे कांती सुधारणाऱ्या दहा द्रव्यांत चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा इत्यादींचा समावेश होतो. या यादीत हळद नाही. ती त्वचारोगनाशक अशा ‘कुष्ठघ्न’ गटात आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र हळदीला वर्ण्य आणि त्वचादोष दूर करणारी अशी दोन्ही विशेषणे एकत्रच लावलेली आढळतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येत अभ्यंग व उद्वर्तन सांगितले असून, मुखलेपाचे दोषनाशक, विषनाशक व वर्णकारक असे तीन प्रकार मानले आहेत. सहा ऋतूंसाठी सहा वेगळे लेपही दिले आहेत. तात्पर्य, आरोग्य व सौंदर्य यांतील भेद ग्रंथकारांना ठाऊक होता. परंतु त्यांच्यामध्ये त्यांनी भिंत उभी केली नव्हती.

पाट्यावरून कारखान्याकडे :
या ज्ञानाच्या औद्योगिकीकरणात पनवेलचे स्थान महत्त्वाचे आहे. आज खांदा कॉलनी व नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती जेथे उभ्या आहेत, त्यांच्या शेजारच्या जुन्या पनवेल गावात वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये ‘श्री धूतपापेश्वर’ ही आयुर्वेदीय औषधनिर्मिती संस्था स्थापन केली. घरी वाटलेला लेप कोणासाठी व कशासाठी आहे, हे वाटणाऱ्या बाईला माहीत असे. वैद्यही रुग्ण पाहून औषध देत असे. कारखान्यात तयार झालेला माल मात्र अनोळखी ग्राहकाकडे जातो. त्यामुळे वेष्टनावर त्याची ओळख लिहिणे आणि शासनाने ती तपासणे क्रमप्राप्त ठरले.

कायदा व न्यायालय :
१९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या दुरुस्तीने आली, तर आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण १९६४ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाले. ज्या ग्रंथांतील योग प्रमाण मानावयाचे, त्यांची यादी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देण्यात आली. एकाच वस्तूसाठी आता दोन कप्पे निर्माण झाले आणि त्या कप्प्यांवर कराचा दर अवलंबून राहू लागला.

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘विको’ या मराठी उद्योगाने १९७५ मध्ये हळदीचे क्रीम बाजारात आणले. ते सौंदर्यप्रसाधन आहे, असे उत्पादन शुल्क विभागाचे म्हणणे होते. कंपनी त्यास आयुर्वेदीय औषध म्हणत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उद्भवलेला हा वाद सुमारे पाव शतक चालून अखेर सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाली निघाला. पुढे २००६ मध्ये नागपूरच्या प्यूमा आयुर्वेदिक हर्बल या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी मांडली : सामान्य व्यवहारात लोक त्या वस्तूला औषध समजतात काय, आणि तिचे घटक प्रमाणग्रंथांत आहेत काय. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतरही औषध व सौंदर्यप्रसाधन हे वर्गीकरण टिकून राहिले.

पेटंट आणि लेखी पुरावा :
१९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तथापि येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ वापर हा पुरावा ठरत नव्हता; छापील आधार आवश्यक होता. लाखो घरांत जखमेवर हळद दाबली जाते, ही वस्तुस्थिती पुरेशी नव्हती. संस्कृत ग्रंथ व १९५३ मधील एक वैद्यकीय लेख यांसारखे लेखी आधार सादर करावे लागले. २००१ मध्ये सुरू झालेला पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रहही प्रामुख्याने ग्रंथांवरच उभा आहे.

निष्कर्ष :
भारतीय न्यायालयाने लोकव्यवहाराला अर्धे स्थान दिले, पेटंट कार्यालयाने तेही दिले नाही. दोन्ही ठिकाणी ग्रंथ मात्र निर्णायक ठरला. याचा अर्थ, जे ज्ञान लिहिले गेले त्याचेच रक्षण झाले. उटण्यात गवला कचोरी, नागरमोथा, आंबेहळद किती घ्यावी, माक्याचे तेल कसे कढवावे, कोणत्या त्वचेला काय वर्ज्य करावे, हे प्रत्येक घराचे वेगळे व अलिखित ज्ञान या संरक्षणाबाहेर राहिले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली असून, तीत स्थानिक वनस्पतींबरोबर त्यांच्या वापराचे ज्ञानही नोंदविता येते. पनवेल परिसरात कर्नाळ्याच्या रानालगतची गावे आणि नव्या वसाहती शेजारी-शेजारी आहेत. येथील महाविद्यालयांच्या इतिहास, वनस्पतिशास्त्र व मराठी विभागांनी एकत्र येऊन, माहिती देणाऱ्या स्त्रियांच्या संमतीने व त्यांच्या नावानिशी हे काम हाती घ्यावे. जाणत्या पिढीबरोबर हे ज्ञान गेल्यास ते पुन्हा मिळविण्यास कोणताही ग्रंथ उपयोगी पडणार नाही.